घडीच्या चाकूचा खटका किती भक्कम? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये लेथ आणि सरफेस ग्राइंडरची कामं चालतात. गेली काही वर्षं त्यांच्या जोडीनं घडीचे चाकूही येऊ लागलेत. लोक आणतात धार लावायला, पण पातं उघडून पाठीवर जरा दाबलं की बऱ्याचदा कळतं, दुखणं धारेत नाही, खटक्यात (लॉकमध्ये) आहे. शेतकरी, ट्रेकला जाणारी पोरं, फौंड्रीतले कामगार, सगळे थोड्याफार फरकानं तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

खटका नक्की कशाला धरून ठेवतो? कापताना तर पातं आपोआप उघडंच राहतं की.

अगदी बरोबर. दोरी कापताना जोर धारेवर येतो. तो पात्याला आणखी उघडायच्या दिशेनं ढकलतो आणि पातं मुठीतल्या स्टॉप पिनवर जाऊन टेकतं. त्या वेळी खटक्यावर जवळजवळ काहीच भार नसतो. म्हणूनच खटका नसलेला, नुसत्या पाठीमागच्या स्प्रिंगवर चालणारा चाकू माणसं पिढ्यान् पिढ्या वापरत आली आणि बोटं शाबूत राहिली.

धोका येतो तो जोर पाठीकडून आला की. टोक लाकडात किंवा रबरात रुतलं आणि आपण ते हिसकून काढायला गेलो, भोक पाडायला टोक खुपसलं, अर्ध्या कापलेल्या पाइपात पातं अडकलं आणि आपण मूठ वर उचलली, की पातं मिटायला बघतं आणि त्याच्या वाटेत आपली बोटं असतात. खटका आहे तो या क्षणासाठी.

तुम्हाला स्वतःला कधी लागलंय का?

लागलंय. आठेक वर्षांपूर्वी शेतात ठिबकची जाड नळी कापत होतो. पातं निम्म्यात अडकलं. मी मूठ पिळून वर ओढली आणि पातं थेट उजव्या हाताच्या तर्जनीवर मिटलं. चार टाके पडले आणि त्या बोटाच्या शेंड्याला अजून नीट स्पर्श कळत नाही. चाकू स्वस्तातला नव्हता, खटक्याची पत्तीही जाड होती. आदल्या संध्याकाळी मी त्याला हौसेनं तेल पाजलं होतं आणि ते तेल खटक्याच्या टेकण्याच्या जागेवरही गेलं होतं. तेव्हा हे कारण सुचलं नाही. बोट बरं होईपर्यंत चाकू खोलून बसलो, तेव्हा उलगडलं. खाली कोनाबद्दल जे लिहिलंय ते त्या चाकूनं शिकवलं.

पात्यावर दहा किलोचा जोर आला तर खटक्यावरही दहाच किलो येतो ना?

नाही, खूप जास्त येतो. हे समजलं की बाकीचं निम्मं आपोआप समजतं.

पातं म्हणजे पहार. टेकू आहे पिव्होटची पिन, म्हणजे पातं जिच्याभोवती फिरतं ती. समजा पिव्होटपासून ९ सेंटीमीटरवर, टोकाजवळ, पाठीवर १० किलोचा जोर आला. खटका पात्याच्या बुडाला जिथं टेकतो ती जागा पिव्होटपासून जेमतेम साडेसात मिलिमीटरवर असते. ९० ला साडेसातनं भागा, १२ पट. म्हणजे खटक्याच्या त्या नखाएवढ्या जागेवर १२० किलो येतात. आणि पिव्होटच्या पिनेलाही जवळपास तेवढाच मार बसतो, तो कुणी मोजत नाही.

आता हीच टेकण्याची जागा पिव्होटपासून १० मिलिमीटरवर नेली तर भार ९० किलोवर येतो. अडीच मिलिमीटरनं पाव भार कमी झाला. त्यामुळं बूड रुंद असलेला, पिव्होटजवळ भरदार दिसणारा चाकू सडपातळ चाकूपेक्षा मुळातच फायद्यात असतो. लांब पात्याचं उलटं. पातं जितकं लांब तितकी पहार लांब आणि खटक्याला झोंबाझोंबी जास्त.

पत्ती जाड असली की खटका मजबूत, एवढं तरी खरं का?

अर्धं खरं. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पत्ती बाजूला सरकून पात्याच्या बुडाखाली येते आणि खांबासारखी उभी राहते. खांबाला वरून दाबलं की तो वाकतो आणि वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाच्या हिशेबानं वाढते. १ मिलिमीटरऐवजी दीड मिलिमीटर पत्ती घेतली तर ती सुमारे तीनपट, नेमकं म्हणजे ३.४ पट भार सोसेल. उलट त्याच पत्तीची मोकळी लांबी दुप्पट केली तर ताकद चौथाईवर येते. पत्ती तर मुळात जराशी बाहेर वाकवलेलीच असते, त्यामुळं सरळ खांबाचा हिशेब तिला पुरता लागू होत नाही, ती आधीच दमते.

पण माझ्याकडं आलेल्या बिघडलेल्या चाकूंत पत्ती वाकलेली क्वचितच सापडली. पत्ती शाबूत असते आणि घसरलेली असते. म्हणून जाडीपेक्षा मी बसणूक आधी बघतो.

बसणूक म्हणजे काय? आणि कोनाचा त्यात काय संबंध?

लेथवर काम केलेल्यांना हे एका वाक्यात कळेल, पण सगळ्यांसाठी सविस्तर सांगतो. लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक बसवताना त्याचा मोर्स टेपर, म्हणजे निमुळता होत जाणारा दांडा, आपण नुसता दाबून बसवतो. ना बोल्ट, ना स्क्रू. तरी तो सुटत नाही, काढायचा तर मागून जोरानं ढकलूनच काढावा लागतो. टेपरचा कोन इतका कमी ठेवलेला असतो की घर्षण त्याला मागं सरकू देत नाही.

लायनर लॉक आणि फ्रेम लॉक (तो पुढं येतोच) याच न्यायानं चालतात. पात्याच्या बुडाची जी बाजू पत्तीवर टेकते ती सरळ नसते, साधारण ७ ते १० अंशांत तिरकी घासलेली असते. पत्ती पाचरीसारखी तिच्याखाली शिरते. पाठीवरून जोर आला की त्या तिरक्या बाजूचा थोडा जोर पत्तीला आडवा ढकलतो, म्हणजे पुन्हा बाहेर काढायला बघतो. घर्षण त्याहून जास्त असेल तर पत्ती जागच्या जागी राहते. ८ अंशांचा टॅन्जंट आहे ०.१४, म्हणजे घर्षणाचा गुणांक त्याहून जास्त हवा. पोलादावर पोलाद कोरडं असलं की घर्षणाचा गुणांक सहसा ०.१५ च्या वर असतो, म्हणजे खटका धरतो. तेल लागलं की तोच गुणांक ०.१ च्या आसपास उतरू शकतो. माझ्या बोटाचं असं झालं.

कोन फार तिरका ठेवला तर पत्ती थोड्याशा जोरानं सटकते. फार सरळ ठेवला तर खटका चिकटतो, मिटायला अंगठा दुखतो आणि थोडी झीज झाली की पत्ती पलीकडच्या टोकापर्यंत भराभर सरकत जाते. चांगला कारागीर या दोन-तीन अंशांच्या पट्टीत काम करतो, आणि महाग चाकूतला बराचसा पैसा इथं जातो असं माझं मत आहे.

कोन बरोबर असूनही दोन बाजू एकमेकींवर सपाट बसल्या नाहीत, नुसत्या एका कोपऱ्यावर टेकल्या, तर सगळा भार त्या कोपऱ्यावर येतो, तो दबतो आणि चार दिवसांत पातं हलायला लागतं. घरी बघायचं असेल तर बुडाच्या त्या बाजूला मार्करनं काळं करा, चाकू पाच-सहा वेळा हळू उघडा-मिटा आणि मार्कर कुठं पुसला गेला ते बघा. पट्टा दिसला तर बरं, ठिपका दिसला तर बसणूक खराब.

नवीन चाकूत पत्ती पात्याखाली कितपत आलेली असावी?

पात्याच्या जाडीच्या पावपासून निम्म्यापर्यंत. जेमतेम कडेवर टेकत असेल तर घेऊ नका. दुकानातच पलीकडच्या टोकाला पोहोचलेली असेल तरी घेऊ नका, कारण वापरानं पत्ती आतच सरकत जाते. एकदा ती समोरच्या बाजूला जाऊन भिडली की पुढं सरकायला जागा उरत नाही आणि पातं वर-खाली हलायला लागतं.

लायनर, फ्रेम, बॅक, बटण… यातला सगळ्यात भक्कम कुठला?

नावावरून ताकद ठरत नाही, पण प्रत्येकाची मोडायची रीत वेगळी असते आणि ती माहीत असावी.

बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवर एक दांडी असते. तिचा दात पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतो. बक कंपनीच्या ११० नंबरच्या चाकूनं १९६४ पासून हा प्रकार जगभर पोहोचवला. दात खाचेत पूर्ण उतरला तर हा खटका फार सोसतो. पण खाचेत कचरा अडकला की दात अर्धाच उतरतो, आणि ते बाहेरून लगेच दिसत नाही. दुसरं असं की मूठ जोरात आवळली की तळहाताचा मांसल भाग दांडी दाबतो आणि खटका आपोआप सुटू शकतो. म्हणून काही चाकूंच्या दांडीवर एक खोलगट वाटी कोरलेली असते. डेव्हिड बॉय या कारागिराच्या नावानं ती ओळखली जाते. कोल्ड स्टील कंपनीसाठी अँड्र्यू डेम्को यांनी याच दांडीच्या आणि पात्याच्या मध्ये स्टॉप पिन आणली, त्यामुळं भार दांडीच्या बारीक पिनेऐवजी त्या जाड पिनेवर जातो. माझ्या बघण्यात पाठीच्या जोराला इतकं सोसणारा घडीचा खटका दुसरा नाही.

लायनर लॉकला आजचं रूप मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकात दिलं. एका हातानं उघडतो, मिटतो, स्वस्तात बनतो, म्हणून सगळीकडं तोच. त्याची दुखणी वर लिहिलीच आहेत.

फ्रेम लॉक क्रिस रीव्ह यांनी आणला. यात मुठीची एक बाजूच कापून पत्ती केलेली असते. जाडजूड दिसतो, आणि मूठ आवळली की बोटंच पत्तीला आत दाबून धरतात, हा मोठा फायदा. पण पत्तीला स्प्रिंगसारखं वाकता यावं म्हणून मागं एका जागी ती बरीच पातळ केलेली असते. तीन-साडेतीन मिलिमीटरची जाडी बघून माणूस भुलतो, भार मात्र त्या पातळ कमरेतूनच जातो. फ्रेम लॉक हातात घेतला की आधी ती कंबर बघा.

आडव्या दांडीचा खटका, ज्याला बेंचमेड कंपनीनं ॲक्सिस हे नाव दिलं, त्यात एक गोल दांडी पात्याच्या बुडावर येऊन बसते आणि बूड ती दांडी आणि स्टॉप पिन यांच्यामध्ये घट्ट अडकतं. दांडी घट्ट पोलादाची, भार सरळ दाबाचा. तिला मागून ढकलणाऱ्या दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा मात्र कधी तरी तुटतात. एक तुटली तरी चाकू काम देतो, दोन्ही तुटल्या की संपलं.

ओपिनेलचं कडं सगळ्यात साधं. १८९० पासून बनणाऱ्या या फ्रेंच चाकूला १९५५ मध्ये फिरणारं कडं मिळालं. पातं उघडायचं, कडं फिरवायचं, झालं. कडं झिजलं तरी थोडं जास्त फिरतं आणि पुन्हा घट्ट बसतं. आपल्याकडं त्याची अडचण वेगळी आहे. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, आणि जुलैत गगनबावड्याच्या बाजूला चार दिवस फिरलात की लाकूड फुगून पातं उघडतच नाही. पावसाळ्याआधी मुठीला जवसाचं तेल मुरवून ठेवा.

बटण लॉकमध्ये बटणाच्या दांड्याचा उतार पात्याच्या खाचेत बसतो. तिथंही कोनाचाच खेळ आहे, फक्त जागा आणखी लहान. माझा त्यावर भरवसा कमी.

टायटॅनियमची पत्ती चांगली की स्टीलची?

टायटॅनियम हलकं, न गंजणारं आणि स्प्रिंगसारखं वागणारं आहे. पण त्याची कडकपणाची पातळी ३६ एचआरसीच्या (कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) आसपास आणि पातं ५८ ते ६० चं. मऊ धातू कडक धातूवर घासला की मऊ झिजतो. शिवाय टायटॅनियम पोलादाला चिकटून ओढलं जातं, त्यामुळं नवीन चाकू मिटताना चिरचिर करतो, अंगठ्याला जोर लागतो. म्हणून चांगल्या फ्रेम लॉकमध्ये पत्तीच्या टोकाला कडक स्टीलचा छोटा तुकडा स्क्रूनं बसवलेला असतो. झिजला तर तेवढाच बदलता येतो. घ्यायचाच असेल तर असा घ्या.

स्टीलच्या पत्तीत बघायचं ते हीट ट्रीटमेंट. आपल्याकडं लोहार ज्याला पाणी देणं म्हणतो तेच. पात्याला पाणी दिलंय हे सगळे सांगतात. पत्तीला आणि स्टॉप पिनेला दिलंय का, हे कुणी विचारत नाही. मऊ स्टॉप पिनेवर पातं रोज आपटलं की तिच्यावर खळगा पडतो, पातं किंचित जास्त उघडतं आणि सगळी बसणूकच हलते.

उघडताना "खट" आवाज जोरात आला की लॉक पक्का, असं दुकानदार म्हणाला.

तो आवाज पातं स्टॉप पिनेवर आपटल्याचा आणि मुठीच्या पोकळीचा. त्यावरून ताकद कळत नाही. उलट मनगटाचा झटका मारून चाकू उघडायची सवय पिन आणि पत्ती दोन्ही लवकर खलास करते. अंगठ्यानं शांतपणे उघडा.

दुकानात उभ्या उभ्या तपासायचं कसं?

आधी बोटांचं. चाकू असा धरा की पातं मिटलं तरी वाटेत एकही बोट येणार नाही. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला, धारेची फट मोकळी. मग पात्याच्या पाठीवर दुसऱ्या हाताच्या तळव्यानं हळूहळू जोर वाढवा. पत्ती सरकताना दिसते का, पातं वर-खाली हलतं का, ते बघा. डावी-उजवी हालचाल बहुतेकदा पिव्होटचा स्क्रू ढिला असल्याची, ती किल्लीनं जाते. वर-खाली हालचाल खटक्याची असते. ती जात नाही.

नंतर मूठ जीव खाऊन आवळा आणि थोडी पिळा. काही लायनर लॉक नुसत्या पिळण्यानं सुटतात, कारण मूठ लवचीक असते आणि पिळताना बोटाचं मांस पत्तीला बाहेर ढकलतं. प्रत्यक्ष काम करताना हात असाच पिळतो, त्यामुळं ही तपासणी टाळू नका.

शेवटी पाठ लाकडी फळीवर हलकेच टेकवल्यासारखी मारा, दोन-तीनदा. हलकेच. इंटरनेटवर लोक टेबलावर जोरजोरात आपटून दाखवतात, त्याचा उपयोग नाही. सावकाश वाढणारा भार आणि धक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धक्क्यानं पत्ती क्षणभर उसळते आणि चांगला खटकाही सुटू शकतो, आणि सुटला नाही तरी बसणुकीचं नुकसान होऊन जातं. असा आपटून तपासलेला चाकू नंतर कामाला घेणं मला पटत नाही.

ऊस, गूळ, मोल्डिंगची रेती यानं खरंच फरक पडतो?

आपल्या जिल्ह्यात तर हेच पहिलं कारण म्हणावं लागेल. उसाचा रस पिव्होटमधून आत उतरतो, वाळतो आणि बॅक लॉकच्या खाचेत काकवीसारखा थर धरतो. गुऱ्हाळावरून आलेल्या एका चाकूत दात खाचेत अर्धाही उतरत नव्हता आणि मालक म्हणत होता, खटका नीट लागतोय. आवाज येत होता खरा. दात त्या थरावर टेकून राहिला होता, एवढंच. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशनं खाच घासली आणि चाकू पहिल्यासारखा झाला. पेट्रोल किंवा डिझेलनं साखर निघत नाही, पाण्यानंच निघते.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतल्या रेतीचं वेगळं आहे. ती सिलिका, पोलाद घासून खाते. पिव्होटमध्ये गेली की पिन आणि भोक दोन्ही मोठी करते. अशा ठिकाणी चाकू उघड्या खिशात ठेवू नका आणि आठवड्याला एकदा खोलून पुसा. पिव्होट ढिला झाला की पात्याचं बूडच जागेवरून हलतं, मग खटका कितीही चांगला असो, त्याला टेकायला ठरलेली जागा मिळत नाही.

मग तेल घालायचं की नाही?

पिव्होटला घाला, एक थेंब, सुईच्या टोकानं. खटक्याच्या टेकण्याच्या जागी अजिबात नको. तिथं चुकून गेलं तर कापडाच्या पट्टीला थोडं स्पिरिट लावून ती फटीतून ओढून काढा आणि कोरडं करा. पावसाळ्यात गंजाची भीती वाटते हे मान्य, तेव्हा पात्याला आणि बाहेरच्या भागाला तेलाचा हात फिरवा आणि ही एक जागा रोज पुसून कोरडी ठेवा.

हलणारा खटका उद्यमनगरात घासून नीट करून मिळेल का?

ग्राइंडर आहे, माणसंही कुशल आहेत, पण बुडाचा तो कोन अंदाजानं घासायचा नाही. एका अंशानं चुकलं तर हलणारा चाकू सुटणारा होतो, आणि तो जास्त वाईट. मी करतो ते एवढंच: पिव्होट खोलून साफ करणं, स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावून कसणं आणि स्टॉप पिन झिजली असेल तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबानं किंचित जाड, पाणी दिलेली नवीन पिन टर्न करून बसवणं. पिन जाड झाली की पातं थोडं आधी थांबतं आणि पत्ती पुन्हा बुडाखाली योग्य जागी येते. पत्ती स्वतः वाकली किंवा चेपली असेल तर मी चाकू परत देतो आणि फक्त फळं कापायला वापरा म्हणून सांगतो.

बाळगायला कायद्याची काही अडचण?

शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात, घरगुती आणि शेतीकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू त्या मापाच्या खूप आत असतो. पण सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात, त्या दिवसांत चाकू घरी ठेवा. उजळाईवाडीच्या विमानतळावरून विमानानं जाणार असाल तर तो हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका.

पन्हाळा ते पावनखिंड चालायला येतोय. कोणता चाकू घेऊ?

त्या वाटेवर चाकूचं काम म्हणजे दोरी, प्लास्टिक, काकडी, कांदा. त्याला ७ ते ८ सेंटीमीटरचं पातं पुरतं, खटका कुठलाही नीट बसणारा चालेल. फांद्या तोडायच्या, लाकूड चिरायचं, तर त्यासाठी कोयता किंवा अखंड पात्याचा चाकू घ्या, घडीचा नको. चिखल भरपूर असतो, म्हणून खाच उघडी असणारा आणि पाण्याच्या बाटलीनं धुता येणारा चाकू बरा. मुक्कामाला पोहोचलात की धुवा, झटका, उघडा ठेवून वाळवा आणि सकाळी निघताना पाठीवर एकदा दाबून बघा.